तांदळाच्या डब्यात

२५ मे २०२५, रविवारचा दिवस. दुपारी खिचडीसाठी तांदूळ काढायला डब्यात हात घातला, तर बोटांना काहीतरी गुळगुळीत लागले. बाहेर काढून पाहिले, तर अम्मांचे कानाचे मशीन!

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या काही वर्षांत त्यांना ऐकू येईनासे झाले. अजान झाली तरी कळायची नाही, नातवंडे हाका मारून दमायची. शेवटी माझ्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून कानामागे लावायचे मशीन घेतले. पहिल्या दिवशी ते लावून त्या अंगणात बसल्या आणि म्हणाल्या, "चिड़ियां अबी बी बोलतीं क्या गे!" चिमण्या अजून बोलतात हेच त्या विसरून गेल्या होत्या.

तेच मशीन आता तांदळात होते. छिद्रांत पांढरी भुकटी बसलेली आणि सेल आतच.

मला काय झाले ते लगेच उमगले. त्या आठवड्यात बारामती-इंदापूर भागात पावसाने मे महिन्यातच थैमान घातले होते. त्याच रविवारी आमच्या शिवारातून जाणारा नीरा डावा कालवा खाली बारामतीजवळ पिंपळीला फुटला आणि लोकांच्या घरांत पाणी शिरले. वडगावात आमची वीज रात्रीच गेली होती. अम्मा फजरच्या नमाजासाठी अंधारातच वजूला बसल्या. मशीन काढून बाजूला ठेवताना ते बादलीत पडले. त्यांनी ते काढले, पदराला पुसले, कानाला लावले. चालेना. मग बंद-चालू, बंद-चालू करून पाहिले. शेवटी नातवाने कधीतरी सांगितलेले आठवले की तांदूळ पाणी ओढून घेतो, आणि मशीन गेले तांदळाच्या डब्यात.

मी चिडले. "मला तेव्हाच का नाही उठवलं? केवढ्याचं मशीन आहे हे!" असे बरेच काही बोलून गेले. अम्मांना त्यातला एक शब्दही ऐकू गेला नाही. पण माझा चेहरा त्यांना दिसत होता. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "तू चिल्लाएगी करके नै बोली."

मी ओरडेन म्हणून सांगितले नाही. आणि मी ओरडतच होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यातून ती वाहते. सेल आत असेल तर त्या क्षारांच्या पाण्यात तांबे झिजते, हिरवट थर चढतो. बंद यंत्र ओले झाले तर बऱ्याचदा वाचते. चालू राहिलेले, किंवा 'चालते का बघू' म्हणून पुन्हा पुन्हा चालू केलेले यंत्र मात्र वाळेपर्यंत खराब होत राहते. मोबाइलचेही तसेच. पाण्यातून काढल्याबरोबर बंद करावा, सिमकार्ड काढावे, चार्जरला मुळीच लावू नये. बॅटरी फुगलेली दिसली तर त्याच्या नादी न लागता दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

राहिला तांदूळ. तो हवेतली थोडी ओल घेत असेल, पण यंत्राच्या पोटातले पाणी ओढून काढत नाही. उलट त्याची भुकटी आत जाते. ॲपल कंपनीनेही २०२४ साली आपल्या ग्राहकांना सांगितले की ओला आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, कण आत जाऊन नुकसान होऊ शकते.

मी सेल काढून टाकला. कानाच्या मशीनचा सेल हवेतला प्राणवायू घेऊन चालतो, त्याला बारीक छिद्रे असतात. भिजलेला सेल पुन्हा वापरण्यात अर्थ नव्हता. कानात बसणारा साचा नळीसकट वेगळा केला, फुंकून नळीतले पाणी काढले. कोरड्या मऊ ब्रशने भुकटी झटकली. वीज नव्हती हे एका अर्थी बरेच झाले. नाहीतर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारण्याचा मोह मलाही झाला असता. त्या उष्णतेने प्लास्टिक वाकते, आतला डिंक सुटतो.

पावसाच्या हवेत उघड्यावर काही वाळणे शक्य नव्हते. चपलांच्या दुकानदाराने न उघडलेल्या खोक्यांतून सिलिका जेलच्या आठ-दहा पुड्या काढून दिल्या. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात मशीन आणि त्या पुड्या ठेवल्या. सेलची खिडकी उघडी. तीन दिवस हात लावायचा नाही, असे ठरवले.

ते तीन दिवस मी अम्मांशी पाटीवर बोलले. त्यांचे उर्दू चौथीपर्यंत झालेले. मोठ्या अक्षरांत लिहायचे, समोर धरायचे. पाटीवर रागाने लिहिता येत नाही. लिहीपर्यंत राग निघून जातो. मी लिहिले, "माफ करा." त्यांनी चष्मा लावून वाचले आणि विचारले, "नहर का पानी उतरा क्या?"

चौथ्या दिवशी नवा सेल घातला. आवाज आला, पण खरखर होती. पुढे रस्ते सुरळीत झाल्यावर मशीन घेतलेल्या ठिकाणी नेले. त्यांनी उघडून आत साफ केले, माइक बदलला. तिथल्या बाई म्हणाल्या, "पडल्याबरोबर सेल काढला असता, तर नुसते वाळवून भागले असते." म्हणजे पहाटेपासून दुपारपर्यंतचे ते तास आम्हाला महागात पडले होते. आणि ते तास वाया गेले माझ्या भीतीपायी.

मी विचार करत राहिले. वर्गात एखाद्या मुलीच्या हातून परीक्षानळी फुटते, ती तुकडे बाकाखाली सरकवते. दुसरीला तेच तुकडे लागतात. मी विचारते, "लपवलं का?" ती गप्प राहते. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला बी.एड.ला असताना कुणी सांगितला नव्हता. घरी अम्मांनी सांगितला.

१६ जूनला शाळा उघडली. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिले: काही पडले, फुटले, भिजले तर आधी सांगा. मुली एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागेल.

अम्मांचा मात्र बसला. परवा त्यांच्या हातून काचेची बशी पडली. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. आतून खणखणीत आवाज आला, "फुट्या गे फुट्या! जल्दी आ, बच्चे नंगे पांव फिरतैं!"

मी केरसुणी घेऊन धावले.