पाय कुठे होता?

भोसरी एमआयडीसीत आम्हाला सुट्टी गुरुवारी. मी टर्नर. ओळखीच्या एका मालकांच्या बंद शेडमागे काँक्रीटचं मोठं आवार आहे, तिथे त्यांना विचारून आम्ही तिघेचौघे गुरुवारी गाडीचं पुढचं चाक उचलायला शिकलो. माझी गाडी सेकंडहँड पल्सर 180, कार्बोरेटरवाली, मागे ड्रम ब्रेक. हा ड्रम ब्रेक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाक उचलायला ताकद लागते, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं होतं. आता इंजिन तर तेच, मग ताकद आणायची कुठून? चेनसेटमधून. स्प्रॉकेटला आमच्याकडे सगळे सॉकेटच म्हणतात. पुढचं सॉकेट लहान करा नाहीतर मागचं मोठं, ओढ वाढते आणि टॉप स्पीड जातो. आधीच्या मालकाने बाहेरचा चेनसेट टाकलेला होता. दात मोजले तर पुढे 14, मागे 42, म्हणजे बरोबर तीनाला एक. पुढचा एक दात कमी केला की मागे तीन दात वाढवल्यासारखं होतं, आणि पुढचं सॉकेट स्वस्त, अर्ध्या तासात बसतं. मी 13 चं बसवलं.

त्याच दुपारी पडलो. पहिल्या गिअरमध्ये नेहमीसारखी रेस देऊन क्लच सोडला. एरवी पुढचं चाक गुडघ्याएवढं उठून खाली यायचं. या वेळी टाकी सरळ तोंडासमोर आली, मग आभाळ, मग पाठीखाली काँक्रीट. टेललाइट फुटला, नंबरप्लेट दुमडली, डावं मनगट सुजलं. हेल्मेट आणि जाड जॅकेट होतं म्हणून तेवढ्यावर भागलं.

गाडी ढकलत आमच्या मेकॅनिक चाचांच्या गॅरेजवर नेली. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाय कुठे होता?"

"चाचा, पिकअप जरा जास्त झाला. 13 चं टाकलंय ना."

"पिकअपचं नाही विचारलं. पाय कुठे होता?"

पाय फूटरेस्टवर होता. मागच्या ब्रेकच्या पेडलवर नव्हता. गाडी मागे उलटायला लागली की एकच गोष्ट तिला खाली आणते, मागचा ब्रेक. आणि मी त्यावर पाय न ठेवता ओढ वाढवत बसलो होतो.

चाचांनी त्या दिवशी जे सांगितलं ते समजायला मला दोन महिने लागले. गाडी तोलावर उभी राहिली की तिला ताकद जवळजवळ लागतच नाही. खालचं चाक एकसारखं फिरत राहिलं पाहिजे, एवढंच. आणि तेच जमत नाही, कारण माणूस मागे कललेला असतो, हँडलला लोंबकळत असतो. कितीही सांभाळलं तरी उजवं मनगट थोडं पिळलं जातं किंवा थोडं सुटतं. पिळलं की गाडी पाठीवर. सुटलं की इंजिन चाकाला धरून ठेवतं आणि पुढचं चाक धप्पकन खाली आपटतं. त्यावर तोडगा असा की मनगटाचं काम काढूनच घ्यायचं. आयडल इतकं चढवायचं की थ्रॉटलला हात न लावता इंजिन चाक फिरवत राहील. मग उरतो फक्त पाय. गाडी मागे गेली की हलका ब्रेक, पुढे यायला लागली की ब्रेक सैल.

पण नुसतं आयडल चढवलं तर गाडी पळते. म्हणून मागचं सॉकेट मोठं. ते गाडी उचलायला नाही, हळू ठेवायला! हे उलटं गणित डोक्यात शिरलं त्या दिवशी मी 13 चं काढून परत 14 चं टाकलं आणि मागे 56 करायला घेतलं. आता चाराला एक, म्हणजे त्याच आरपीएमला चाक पाऊण वेगाने फिरणार.

इथे माझा धंदा कामाला आला. ईएन-8 स्टीलची प्लेट घेतली, चकवर बांधून मधलं बोअर केलं, दात ओळखीच्या वायरकटवाल्याकडून कापून घेतले. बोल्टच्या भोकांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी, मात्र माझ्याकडून मध्यापासून अंमळ सरकलं. डोळ्याला दिसत नव्हतं, पण चाक फिरवलं की चेन एका जागी तट्ट व्हायची आणि अर्ध्या फेऱ्यात लोंबायची. डायल लावून बघितलं, लाज वाटली, दुसरी प्लेट कापली. चेनलाही आठेक कड्या जोडाव्या लागल्या आणि चेनकव्हर कायमचं उतरलं. चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेलाच हवं. उलटी बसली तर एखाद दिवशी निघून जाते, आणि चाक हवेत असताना चेन गेली तर पुढचं चाक काय वेगाने खाली येतं ते सांगायला नको.

मग आयडल. स्क्रू साधा आहे, कार्बोरेटरच्या कडेला, आत फिरवला की रेस चढते. कंपनीचं आयडल 1,400 च्या आसपास. मी आधी 2,000 केलं, मग 2,500, शेवटी 3,000 वर थांबलो. त्या रेसला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इतकी निवांत चालते की सोबतचा पोरगा शेजारून धावत व्हिडिओ काढतो. स्पीडोमीटरकडे बघण्यात अर्थ नाही, त्याची केबल पुढच्या चाकाला असते. चाक हवेत थांबलं की काटा शून्यावर. आरपीएमचा काटा आणि कान, एवढंच खरं.

दोन चुका इथेही केल्या. पहिली म्हणजे थंड इंजिनावर स्क्रू लावला. गरम झाल्यावर तेच आयडल आणखी पाचशेने चढलं. दुसरी चूक जास्त वाईट होती. आवारात डावीकडे गोल फिरताना हँडल पूर्ण वळवलं की रेस आपोआप वाढायची. आठवडाभर मी कार्बोरेटर उघडत होतो. चाचांनी गाडी उभी करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, आवाज ऐकला, म्हणाले, "केबल ताणते." मुठीजवळचा अ‍ॅडजस्टर दोन आटे फिरवला, झालं काम.

ऑइलचं त्यांनी आधीच बजावलं होतं. गाडी उभी राहिली की ऑइल इंजिनात मागे जमा होतं आणि पंपाच्या तोंडाशी काही उरत नाही. मी ऐकलं नाही. टॅपेटची टिकटिक सुरू झाली आणि हेडचं काम निघालं, तेव्हापासून थोडं जास्त ऑइल घालतो आणि गाडी फार वेळ उभी धरत नाही.

एका गुरुवारी मात्र आयडल खाली न आणता तशीच गाडी घरी काढली. सिग्नलला न्यूट्रलमधून पहिला टाकला तो खाडकन, आणि क्लच दाबलेला असूनही गाडी पुढच्या रिक्षाकडे सरकायला लागली. पायाने थांबवली, रिक्षाच्या बंपरपासून वीतभरावर. रिक्षावाल्या काकांनी मागे वळून नुसतं बघितलं. रस्त्यावर कधी चाक उचललं नव्हतं. त्यासाठी मोटार वाहन कायद्याचं 184 कलम आहे, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. पण चाक जमिनीवर ठेवूनसुद्धा ती गाडी रस्त्याची राहिलेली नव्हती, हे त्या वीतभर अंतराने कळलं. आता ती शेडमध्येच असते. कुठे न्यायची झाली तर छोट्या हत्तीत चढवून.

हल्ली पोरं येतात, विचारतात, दादा, मागे किती दात टाकू, आयडल किती ठेवू? आकडे मी सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. पण आधी मागच्या ब्रेकचे लायनर नवीन टाकून या, आणि महिनाभर उजवा पाय पेडलवरून न काढता चाक वीतभर उचलून दाखवा. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे.