बिलांचा डबा

आमच्या बाबांकडे एक पत्र्याचा डबा आहे, मूळचा बिस्किटांचा. त्यात त्यांच्या गाडीची सगळी बिलं तारखेनुसार लावलेली असतात. ऑइल बदललं, ब्रेकचे लायनर बदलले, वायपरची रबरं घातली.. सगळं! "बाबा, कशाला हा कचरा जपताय?" असं मी कैकदा म्हणालोय. परवा मात्र माझी जिरली.

झालं असं, की मी गेल्या वर्षी एक सेकंडहँड गाडी घेतली. सजग ग्राहक वगैरे असल्यामुळे कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून पाहिला. रिकॉल नाही. म्हटलं, झालं काम. मग परवा गाडीची जुनी फाइल चाळताना आधीच्या मालकाच्या अक्षरात एक ओळ दिसली: 'फ्युएल पंप बदलला.' बस्स, एवढंच. कुठला पंप, कुठून घेतला, बिल कुठे.. काही नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? ऐका.

ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने भारतातल्या जुन्या मॉडेलच्या ९०,४६८ गाड्या पंप बदलायला आपणहून परत बोलावल्या. पंपातलं पेट्रोल ढकलणारं चक्र, म्हणजे इम्पेलर, सदोष असण्याची शक्यता होती. त्याने इंजिन चालता चालता बंद पडू शकतं. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, मागे डंपर असताना, असं झालं तर? इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं.

पण मला अडकवलं ते पुढच्या आकड्याने. त्यातल्या २,२०४ गाड्यांत हा पंप आधी कधीतरी स्पेअर म्हणून बसवलेला होता. म्हणजे दुरुस्तीतूनच बग आला! आणि २०१७ ते २०२३ च्या दरम्यान ज्यांनी हा पंप डीलरच्या काउंटरवरून नुसता विकत घेतला, त्यांना गाडी तपासून घेण्याचं आवाहन करावं लागलं. कारण तो पंप पुढे कुठल्या गाडीत गेला, हे कंपनीला कसं कळणार?

आमच्या भाषेत सांगायचं तर चेसिस नंबर ही प्रायमरी की. २०१० च्या मार्चमध्ये आमच्या मुलुंडातच शोरूममधून घरी निघालेल्या कोऱ्या नॅनोने पेट घेतला होता. त्याच नोव्हेंबरमध्ये कंपनीने सगळ्या नॅनोंना फुकटात जादा सुरक्षा बसवून देऊ म्हटलं, वर 'हा रिकॉल नव्हे' असंही सांगितलं. तरी निदान प्रत्येक नॅनोचा नंबर कंपनीकडे होता. गल्लीतल्या दुकानातून घेतलेल्या स्पेअरची मात्र कुठल्याच टेबलात एंट्री नसते. त्याची एकमेव नोंद म्हणजे बिल.

कायदा आता आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. दंड १ कोटीपर्यंत. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग असलेल्या सगळ्या गाड्या, मेक कुठलाही असो, परत बोलवायला सरकार सांगू शकतं. पण हे नियम ७ वर्षांपर्यंतच्या गाड्यांना. आता बघा ना, आपण पार्ट बदलायला लागतो कधी? साधारण तेव्हाच!

असो. रविवारी गाडी घाटकोपरच्या एका गॅरेजात नेली. मागची सीट उचलून पंप बाहेर काढला. त्यावर ना कंपनीचं नाव, ना पार्ट नंबर. वर्षभर आई याच सीटवर बसून माझ्याबरोबर कसारा घाटातून नाशिकला जात होती, हे आठवून पोटात गोळा आला. नवा पंप घातला.

"साहेब, बिल कशाला? बिलाशिवाय स्वस्तात पडेल."

"बिल पाहिजे. आणि त्यावर पार्ट नंबर, गाडीचा नंबर दोन्ही लिहा."

संध्याकाळी बाबांसमोर बिल ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं, तारीख तपासली.

"तुझा डबा वेगळा कर," एवढंच म्हणाले. "माझ्यात जागा नाहीये."