गाळ

कुर्डुवाडीहून पुण्याकडे निघालेल्या गाडीतून भिगवणच्या आसपास उजनीचे विस्तीर्ण पाणी दिसू लागते. लांबचे प्रवासी खिडकीशी येऊन रोहित पक्षी शोधतात. आम्हां माढा तालुक्यातील माणसांची नजर मात्र पाण्याच्या रंगावर जाते. उन्हाळ्यात ते हिरवे होते. १९८० साली धरण पूर्ण झाले, तेव्हा या अवर्षणग्रस्त मुलखाला ते वरदान वाटले, आणि ते होतेच. परंतु मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या साऱ्या अखेर भीमेलाच मिळतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडने जे धुऊन टाकले, ते आमच्या दाराशी येऊन थांबते. सोलापूर शहर हेच पाणी पिते.

सांडपाणी शुद्ध करण्याची विद्या काही नवी नव्हे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिले, की सांडपाण्यात हवा खेळवली असता सूक्ष्मजंतू घाण खाऊन वाढतात, त्यांचे पुंजके तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळते. तळचा थोडा गाळ पुन्हा पहिल्या टाकीत सोडायचा. आपल्या आया विरजणापुरते दही राखून ठेवत, तीच ही युक्ती! पुण्यासाठी जपानच्या कर्जसाहाय्याचा करार २०१६ साली झाला: ११ नवी केंद्रे, दररोज ३९ कोटी ६० लाख लिटर पाण्यासाठी. मात्र साध्या प्रक्रियेनंतरही नत्र व स्फुरद बऱ्याच अंशी पाण्यात उरतात आणि त्यांवर शेवाळ पोसते. स्फुरद धरणाच्या तळाशीही साचते. खोल पाण्यातील प्राणवायू संपला, की तेथून ते पुन्हा वर येते. म्हणजे वरून उद्या निर्मळ पाणी आले, तरी धरण काही काळ जुनेच उगाळत राहणार.

आमच्या शेजारचे अण्णा यंदा हा तळचा गाळच शेतात आणायला निघाले. पाणी मागे सरकले, की काठावरचा काळाभोर गाळ उघडा पडतो. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे, आणि गाळाने हलकी जमीन सुधारते हे खोटे नाही. “आयतं खत आहे, मास्तर,” अण्णा म्हणाले. मी एवढेच विचारले, की खताबरोबर आणखी काय आले असेल?

कारण सूक्ष्मजंतू मैला खातात, तेलही सावकाश खातात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम त्यांना पचवून संपवता येत नाही. धातूची केवळ जागा बदलते. मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या पाण्यातील विषारी क्रोमियम फेरस सल्फेटने सौम्य रूपात आणून चुन्याने खाली बसवता येते. पण ते कारखान्याच्या आवारात, एका टाकीत. तेच एकदा शेकडो एकरांत पसरले, की मोहरीसारखी पिके लावून वर्षानुवर्षे थोडेथोडे शोषून घ्यावे लागते, आणि ते पीकही जपूनच नष्ट करावे लागते. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त असल्याने पुष्कळसे धातू पिकाला सहजी देत नाही, हा एक दिलासा. विषारी क्रोमियमच्या बाबतीत तोही नाही. ते अशाच जमिनीत अधिक मोकळे फिरते.

गाळात यांतले काही आहेच, असे मी म्हटले नाही. तपासून घ्या, म्हटले. अण्णांनी आपली मृदा आरोग्य पत्रिका पुढे ठेवली. तीत १२ रकाने: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. अण्णांनी बोट फिरवत विचारले, “तुमचं ते क्रोमियम कुठल्या रकान्यात?”

कुठल्याच नाही. त्यासाठी नमुना वेगळ्या प्रयोगशाळेत, वेगळे पैसे भरून पाठवावा लागतो. अण्णांनी हिशेब केला, थोडे चिडले, आणि अखेर दोन ट्रॉल्या गाळ आणलाच. तो मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांत न टाकता त्यांनी झेंडूच्या तुकड्यात पसरला आहे. नमुन्याची पिशवी माझ्या कपाटात आहे. सोमवारी मी पुण्याला जाताना ती नेणार आहे.