ऑगस्टमध्ये गाविलगड पाहायचा तर

(थ्रेड)

१/ अंजनगाव सुर्जीतील एक निवृत्त शिक्षक सध्या सहलीचा आराखडा आखीत आहेत. इंग्लंडात स्थायिक झालेली लेक दोन मुलांसह येणार आहे. तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेर लागते, म्हणून येणे ऑगस्टमध्येच. तिची मागणी एवढीच : चिखलदऱ्याचे धुके, पाऊस आणि ब्रिटिशांच्या खुणा.

२/ अडचण अशी की श्रावणात सातपुड्यावर ढग उतरले म्हणजे गाविलगडावर दहा पावलांपुढचे दिसत नाही. घाटात दरड कोसळली तर वाटही अडते. पाहुण्यांना धुके मिळेल. पण गुरुजींना दाखवायची आहे ती दरी नेमकी धुक्यात हरवेल. नातवंडांना वॉटर्लू ठाऊक आहे. त्या विजेत्याचा आजोळाशी असलेला संबंध ठाऊक नाही.

३/ तो विजेता म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८०३ मध्ये त्यानेही या मुलखात येण्याचा बेत पावसाचा हिशेब करूनच आखला होता. नद्या फुगल्या की मराठ्यांच्या घोडदळाची चपळाई संपते आणि आपल्याजवळ होड्या असल्या तर पूर हाच आपला मित्र ठरतो, हे त्याचे गणित.

४/ १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा किल्ला त्याच्या हाती आला. त्याच महिन्यात त्याच्या फौजेने कातडे मढवलेल्या टोपलीवजा होड्यांतून गोदावरी ओलांडली. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचे अडगाव. मग उरला नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड.

५/ गडाचे दोन भाग : उत्तरेस बाहेरचा किल्ला, दक्षिणेस आतला आणि मध्ये खोल दरी. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने एलिचपूरकडून डोंगर चढत, तोफा माणसांच्या बळावर ओढत उत्तरेकडील लबाडा गाठले. वेलस्ली दक्षिणेकडून शत्रूचे लक्ष वेधीत राहिला.

६/ १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य आत शिरले. आतला किल्ला अजून उभा होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी दरीत उतरली, शिड्या लावून पलीकडचा तट चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. अंतःपुरातील काही स्त्रियांनीही प्राण गमावले.

७/ दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडले. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगाव येथे दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी तह केला. गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर यांवरचा हक्क गेला. दिल्लीच्या सत्तेचा प्रश्न वऱ्हाडातल्या एका गावी निकालात निघाला.

८/ शिंद्यांच्या वकिलांत विठ्ठल महादेव नावाचे वृद्ध मुत्सद्दी होते. मनातले चेहऱ्यावर उमटू न देणारे. पुढे युरोपात वेलस्लीला तालेराँबद्दल विचारले, तेव्हा तो बराचसा त्या विठ्ठलपंतांसारखा, पण तितका हुशार नाही, असे त्याने सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. ही गोष्ट गुरुजींनी नातीसाठी राखून ठेवली आहे.

९/ लेकीला हव्या असलेल्या खुणा त्यानंतरच्या. १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचे पठार गोऱ्या साहेबांच्या नजरेस आणले. बंगले उठले, कॉफी लागली. ती आजही पिकते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८५८ मध्ये तात्या टोपे गडाचा आश्रय घेतील या धास्तीने गाविलगडाची तटबंदी निकामी करण्यात आली. थंड हवेचे ठिकाण वाढत गेले, शेजारचा गड ढासळत गेला.

१०/ गुरुजींचा आराखडा आता तयार आहे. पहिला मुक्काम चिखलदऱ्याला नाही, अंजनगावी, घरीच. संध्याकाळी शहानूर नदीकडे फेरी आणि तहाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून परतवाड्यामार्गे घाट. पकड असलेले बूट, कोरड्या कपड्यांचा जोड, आणि पावसाने जोर धरला तर परत फिरायची तयारी. अंधारापूर्वी घाट उतरलेला असावा.

११/ एक ओळ त्यांनी शेवटी लिहिली. गुडघ्यांमुळे ते स्वतः दिल्ली दरवाजापाशीच थांबणार. पुढे लेक मुलांना नेईल. म्हणजे सांगायचे ते सारे दरवाजापर्यंत सांगून व्हायला हवे.

१२/ डिसेंबरात आकाश निवळते, दरी तळापर्यंत दिसते. पण डिसेंबरात पाहुणे नाहीत, आणि गुडघे पुढच्या वर्षाची हमी देत नाहीत. धुक्यात दरी दिसली नाही, तरी पावसाळ्यात तिच्या तळाशी वाहणारे पाणी काठावरून ऐकू येते. मुलांनी तेथे क्षणभर उभे राहून ते ऐकावे, एवढेच त्यांनी लेकीला सांगून ठेवले आहे.