शार्लोटेनबुर्गचा घोडा

बर्लिनला जाणारी आपली मंडळी ब्रांडेनबुर्ग दरवाजा, होलोकॉस्ट स्मारक आणि ज्यू म्युझियम पाहतात आणि परततात. ते पाहायलाच हवं. पण अर्धा दिवस हाताशी असेल, आणि सोमवार नसेल, तर शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात जाऊन एक चित्र अवश्य पाहा.

चित्र नेपोलियनचं. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, वाऱ्यावर फडफडणारा लाल झगा, वर डोंगराकडे केलेला हात. चित्रकार झाक-लुई दाविद. प्राचीन ग्रीक-रोमन वीरांच्या थाटात माणसं रंगवायची त्या काळच्या फ्रान्समध्ये पद्धत होती, तिचा हा मुख्य उस्ताद. नाव दाविद असलं तरी आपल्यातला नव्हे बरं का, ख्रिस्ती! पुस्तकात हे चित्र टीचभर असतं. इथे ते अडीच मीटरहून उंच आहे, मान वर करूनच पाहावं लागतं. दाविदने हेच चित्र १८०१ ते १८०५ या काळात पाच वेळा रंगवलं. बर्लिनमधलं दुसरं, १८०१ चं.

आता मुलांनो, गंमत ऐका. मे १८०० मध्ये नेपोलियन आल्प्स पर्वत ओलांडून गेला तो घोड्यावरून नव्हे, खेचरावरून! वाट दाखवायला गावचा वाटाड्या होता. चित्रासाठी समोर बसायलाही नेपोलियनने नकार दिला. मग दाविदने आपल्या मुलालाच शिडीवर बसवलं म्हणतात. कुठे तो घोडा आणि कुठे ती शिडी!

खाली खडकावर बोनापार्ट, हॅनिबल आणि शार्लमेन अशी नावं कोरलेली दाखवली आहेत. आपल्याला खडक म्हटलं की अलिबागजवळचं खंडाळा आठवतं, एलियाहू हन्नाबींच्या रथाची खूण जिथे दाखवतात ते. घरोघरी भिंतीवर असलेल्या त्यांच्या तसबिरीतही घोडे असेच झेपावतात. पण आपलं नाव काही त्यांनी दगडावर कोरून ठेवलं नाही.

हे फ्रेंच चित्र जर्मनीत कसं आलं? १८०६ मध्ये नेपोलियनने बर्लिन जिंकलं, याच राजवाड्यात मुक्काम केला आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजावरचा चार घोड्यांचा रथ पॅरिसला नेला. १८१४ मध्ये तो हरला. प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याने रथ परत आणला, आणि पॅरिसजवळच्या सेंट-क्लू राजवाड्यातून हे चित्रही उचललं. चार घोडे गेले, पाच आले म्हणा ना!

या माणसाशी आपलं नातं थोडं लांबचं आहे. जानेवारी १७९९ मध्ये त्याने कैरोहून टिपू सुलतानाला मदतीचं पत्र लिहिलं, ते वाटेतच इंग्रजांच्या हाती पडलं. आपले सामाजी हसाजी दिवेकर याच टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत पहिली मशीद बांधली, शाआर हाराहामीम.

युरोपातल्या ज्यूंचं मात्र याच्याशी फार जवळचं नातं. त्याची फौज जिथे जिथे गेली, तिथे पुष्कळ ठिकाणी ज्यूंना समान हक्क मिळाले. १८०७ मध्ये त्याने पॅरिसला ७१ जणांचं सान्हेद्रिन भरवलं. आणि लगेच १८०८ मध्ये ज्यूंच्या धंद्यावर आणि सावकारीवर जाचक बंधनं घातली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. त्यामुळे चित्रापुढे उभं राहिल्यावर मला त्याचे आभार मानवेनात आणि रागही धरवेना.

त्याच्याकडून हरलेल्या प्रशियाने राज्यकारभार सुधारताना ११ मार्च १८१२ रोजी ज्यूंना नागरिक मानलं. अट अशी, की प्रत्येकाने कायमचं आडनाव घ्यायचं. आपल्याला पेणकर, दिवेकर ही नावं कोकणातल्या गावांनी दिली, त्यांना सरकारी वहीने. १९३३ पासून नाझी सरकारने ते नागरिकत्व पायरीपायरीने काढून घेतलं, आणि १९३८ च्या हुकुमाने त्यांच्या नावांना इस्राएल आणि सारा अशी सक्तीची नावं जोडली. राजवाडाही १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळला. आज दिसतो तो पुन्हा उभारलेला आहे.