मेंदीच्या फांदीवरचा कचरा

सोलापुरात आमच्या घरामागची बाग म्हणजे एक डाळिंब, दोन जास्वंदी, कण्हेर, कढीपत्ता आणि कुंपणाला लागून अम्मीने लावलेली मेंदी. एवढ्याशा जागेत कोण कोण येऊन जातं, हे त्याच घरात वाढूनही मला ठाऊक नव्हतं. जुना कॅमेरा आणि 70-300 ची लेन्स घेतली तेव्हा कळलं. शिंपी, नाचण, दयाळ, बुलबुल सगळे आले. पण वेड लावलं ते शिंजीरने, म्हणजे जांभळ्या सूर्यपक्ष्याने. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 10 सेंटिमीटर.

विणीच्या दिवसांतला नर लांबून काळाच दिसतो. उन्हाचा कोन जुळला की तोच काळा रंग जांभळा, निळा, हिरवट असा चमकून जातो. ही सगळी पिसांच्या बारीक रचनेची करामत. म्हणून दुपारच्या कडक उन्हात काढलेला फोटो कोळशासारखा येतो. फजरनंतर सूर्य कुंपणावर चढला की पुढचा तासभर आपला. मी न्हाणीघराच्या खिडकीला जुनी ओढणी लावून तिच्या फटीतून लेन्स बाहेर काढायचो. (घरच्यांनी याला काय नाव ठेवलं होतं ते इथे लिहीत नाही.) पक्ष्याच्या मागे लेन्स फिरवायची नाही, हे शेकडो फोटो वाया घालवून शिकलो. जास्वंदीवर फोकस धरून थांबायचं, शटर 1/1600 वर ठेवायचं. तो येतो, जास्वंदीच्या फुलाला देठाजवळ भोक पाडून मध चोरतो आणि जातो. आपल्या हाती दोन-तीन सेकंद.

माझी तक्रार एकच होती, पार्श्वभूमी. पक्षी सुरेख यायचा आणि त्याच्यामागे वाळक्या काटक्या, कोळ्याची जाळी, कपड्यांची दोरी. इतरांच्या फोटोंत मागे कशी मऊ हिरवळ पसरलेली असते! 2025 च्या रमजानचा शेवटचा आठवडा आला, ईदची साफसफाई निघाली, तशी बाग मी स्वतःहून मागून घेतली. वाळलेल्या फांद्या छाटल्या, झाडूने जाळी काढली. मेंदीच्या एका वाळक्या फांदीला चिंध्यांसारखं काहीतरी लोंबत होतं. सुकी पानं, सालीचे तुकडे, जाळी, अळ्यांची विष्ठा. वाऱ्याने अडकलेलं असणार. फांदीसकट कापलं आणि ढिगावर टाकलं.

इफ्तारच्या थोडं आधी अम्मी त्या ढिगापाशी बसली. चाँदरातीला नातींच्या हातांवर मेंदी लागायची होती आणि छाटलेल्या फांद्यांवरचा हिरवा पाला तिला वाया जाऊ द्यायचा नव्हता. पाला ओरबाडता ओरबाडता ती थांबली. ते लोंबतं तिने तळहातावर घेतलं. बाजूला एक गोल भोक होतं, वर पागोळीसारखं छोटं छप्पर. आत मऊ कापूस आणि दोन अंडी, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी. एक फुटलेलं.

"अरे, ये कचरा नै है रे," एवढंच ती म्हणाली.

अजान झाली. खजूर तोंडात धरून मी बराच वेळ तसाच बसलो होतो.

रात्री कॅमेऱ्याचं कार्ड पाहिलं. दोन आठवडे मेंदीजवळ एक मळकट, पोटाशी फिकट पिवळा पक्षी सारखा येत होता. ती मादी होती. घरटं एकटी तीच बांधते. त्या वेळी नर आसपास गात असतो, चमकत असतो आणि आमच्यासारखे लोक त्याचेच फोटो काढत असतात. तिच्याकडे मी लेन्स वळवलीच नव्हती. नराच्या एका फोटोत मात्र मागे, धूसर, ते लोंबतं दिसत होतं. पार्श्वभूमी खराब म्हणून तो फोटो मी काढून टाकायच्या यादीत घातला होता.

सालिम अली मुंबईत खेतवाडीला मामांच्या घरी वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा निघाला, म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं, आणि तिथून पुढचं सगळं घडलं. ही गोष्ट मी पोरांना नेहमी सांगायचो. त्या रात्री मनात आलं की त्या पोराने निदान हातातल्या पक्ष्याचा गळा निरखून पाहिला होता. मी तर दोन आठवडे डोळ्याला भिंग लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरटं उरलेल्या अंड्यासह सुतळीने मेंदीला बांधलं. मादी आली. जिथे ते आधी होतं तिथेच, रिकाम्या हवेत दोनदा पंख फडफडवत थांबली. बांधलेल्या घरट्याकडे ती गेलीच नाही. ईद होऊन गेल्यावर ते मी उतरवलं.

एप्रिलच्या मध्याला ती (तीच की दुसरी, कसं सांगणार?) शेजाऱ्यांच्या ओट्यावरच्या वायरला घरटं बांधू लागली. माझी लेन्स तिथवर पोचत नाही. पण जाळी न्यायला ती आमच्याच डाळिंबावर यायची, मी झाडू फिरवला नव्हता त्या बाजूला. तिचा एक फोटो मिळाला. पंख हललेले, चोचीत जाळ्याचा धागा, मागे दोरीवर वाळत घातलेली माझी लुंगी. अम्मीने त्याची प्रत काढून मागितली. ती आता तिच्या पलंगाजवळच्या भिंतीवर आहे.