दोन जुने बोलपट

नाताळच्या सुटींत आम्हीं दोन जुने बोलपट पाहिले; त्यांविषयीं आमचें मत येथें थोडक्यांत मांडतों.

पहिला 'अछूत कन्या' (१९३६). अंधेरीहून बोरिवलीस जातांना मालाड लागतें. तेथें १९३४ सालीं उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजनें तो काढला. रेल्वेच्या फाटकवाल्याची अस्पृश्य कन्या कस्तुरी व ब्राह्मणपुत्र प्रताप यांचें प्रेम जातीपुढें हरतें. पुढें रुळांवर जुंपलेली मारामारी पाहून येती गाडी थांबविण्यास ती धांवते व चाकांखालीं सांपडते. मग लोक तिचें स्मारक उभारतात! देविका राणींचें काम सुरेख. अशोककुमार मात्र जरा बुजलेले वाटले.

दुसरा प्रभातचा 'शेजारी' (१९४१). धरणासाठीं जमीन हवी असलेला कारखानदार एका हिंदु व एका मुसलमान मित्रांत फूट पाडतो. अखेरीस फुटत्या धरणावर दोघे हातांत हात घेऊन प्राण सोडतात. केशवराव दाते व गजानन जागीरदार यांचा अभिनय आम्हांस अधिक आवडला.

दोन्ही बोलपट पाहण्याजोगे आहेत. तथापि दोहोंतही माणसांस शहाणपण सुचतें तें कोणी प्राणास मुकल्यावर, हें आम्हांस खटकलें. आपल्या बांकावरील सोबत्यास जवळ करण्यास आपण तितकें थांबूं नये.